भरलेली बालवाडी

बालविकासात एम.ए. केलेल्या सुमेधाबाईंना साखर कारखान्यानं धारूरजवळच्या एका गावात बालवाडीवर नेमलं. मुलांना बोलतं करायचं, गाणी शिकवायची, कशामुळं काय होतं ते त्यांचं त्यांना उमजू द्यायचं, हे त्यांचं काम. पण दरवर्षी दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक यायचा, आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि त्यांच्या बोचक्यांवर बसून बाईंची अख्खी बालवाडीही निघून जायची.

यंदा पावसानं पाठ फिरवली. ऊस उभ्या उभ्या वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, मग ट्रक कशाला येतोय! ऐन थंडीत बालवाडी गच्च भरली.

कारखान्याचे चेअरमन सर्जेराव हार घेऊन आले. "डिग्रीवाला माणूस लई कामाचा असतो, हे आज पटलं बाई. एक पोरगं गैरहजर न्हाई!"

खरं कारण बाईंना ठाऊक होतं. पण हार गळ्यात पडला होता. त्या नुसत्या हसल्या.

सर्जेराव मुलांकडं वळले. "बाळांनो, आता पावसाचं गाणं म्हणा. असं जोरात म्हणा, की त्याला वर ऐकू गेलं पाहिजे."

कुणी तोंड उघडेना. बाईंनी टाळ्यांचा ठेका धरून दिला, तरी नाही.

"कावून रे? येत न्हाई का?" सर्जेरावांनी विचारलं.

पुढं बसलेली चार वर्षांची शेवंती उठून उभी राहिली.



"येतंय की. पण पाऊस आला की ऊस येतो, अन् ऊस आला की ट्रक."