रिकामी ओळ

"आरोपी क्रमांक चार, काय मागवणार?" काळा झगा घातलेल्या वाढप्याने वाकून विचारलं, आणि म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आरोपी कुणाला म्हणतोस रे?"

"बाबा, गंमत आहे ती," लेक म्हणाली. "इथे टेबलांना नावंच तशी आहेत."

गंमत म्हणे. ज्या कोर्टात त्याने एकतीस वर्षं टाइपरायटर बडवला, त्या कोर्टाचं आता हॉटेल झालं होतं, आणि लेकीने मोठ्या हौसेने आईबापांना दोन दिवस मुक्कामाला आणलं होतं. आल्यापासून तो धुमसतच होता. रेकॉर्डरूममध्ये आंघोळीचा टब. जज्जसाहेबांच्या उंच खुर्चीत कुणीतरी ऐसपैस बसून सूप ओरपतंय. दारातच कोर्टातलं जुनं मशीन मांडलेलं. पाहुण्यांनी म्हणे त्यावर अभिप्राय टाइप करून शेजारच्या फळ्याला टाचायचे. व्हरांड्यातल्या लांब बाकावर मखमली गाद्या. बायको म्हणाली, बसा जरा, पाय भरून येतील. "त्या बाकावर मी बसणार नाही," एवढंच तो म्हणाला. बायकोने कपाळाला हात लावला.

वाढप्याने प्रत्येकाच्या ताटाखाली एकेक कागद अंथरला. जुन्या खटल्यांच्या पानांच्या नकला होत्या त्या.

"लोकांच्या आयुष्याची इथे माती झाली," म्हातारा म्हणाला, आवाज चढला होता. "आणि आम्ही त्यावर सूप सांडायचं? जनाची नाही तर मनाची तरी लाज ठेवा." शेजारची टेबलं वळून बघायला लागली. वाढपी बिचारा झगा सावरत उभा राहिला.

लेक तोवर तिच्यापुढचा कागद वाचत होती. मोलकरणीचा खटला. मालकाच्या घरातून सोन्याची साखळी चोरल्याचा आरोप. शिक्षा दोन वर्षं. तळाशी डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं.

"अगं आई, हे तर बाबांनीच टाइप केलंय. पण मध्येच ही ओळ रिकामी कशी? बाबा, चुकलात की काय?"

म्हाताऱ्याने कागद ओढून घेतला. पाहिला, आणि त्याचा चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला.

रीत अशी होती की आरोपीने बोलायचं, साहेबांनी त्यातलं हवं ते निवडून सांगायचं आणि त्याने तेवढंच टाइप करायचं. त्या दिवशी ती पोर एक वाक्य बोलली. हे तर साहेब घेणारच, असं धरून त्याने कागद एक ओळ वर सरकवलासुद्धा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "राहू दे ते. जेवायची वेळ झाली." जेवणानंतर साहेब पुढचं सांगू लागले, सवयीने त्याने कागद पुन्हा सरकवला आणि मधली ओळ कोरी राहिली.

नोकरी कायम व्हायला दोन महिने होते. तो मूग गिळून बसला. त्या दुपारी डबा घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसली होती. ती उठून उभी राहिली. "मला आत कधी बोलावणार?" तिने विचारलं. "मला माहीत नाही," असं म्हणून तो जेवायला गेला. संध्याकाळी शिक्षा झाली तेव्हाही ती बाई तिथेच होती.

"चुकलो," म्हातारा लेकीला म्हणाला, आणि कागद घेऊन उठला.

"अहो, जेवण निवतंय," बायको म्हणाली.

"निवू दे. आज जेवण थांबेल."

दारातल्या मशीनवर त्याने कागद चढवला. रोलर फिरवत फिरवत बरोबर त्या कोऱ्या जागेवर आणला. एकेक अक्षर टाइप केलं, एकही चुकलं नाही. मग त्याने तो कागद पाहुण्यांच्या अभिप्रायांमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा टाचला. लेक मागोमाग आली होती. तिने ती नवी ओळ वाचली.

"साखळी मला बाईसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिली, त्या बाहेर बाकावर बसल्यात, त्यांना बोलवा."