छातीचं काय सांगायचं?

“जिना चढताना दम लागतो का?”

“नाय.”

“असं मेल्यावानी काय सांगता? जोरात बोला.”

“नाय लागत दम!”

तेवढ्यानंच सूर्यभानला दम लागला. कस्तुराबाई पदर तोंडाला लावून हसली.

सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर हाच खेळ चालला होता. ती डॉक्टरीण व्हायची, तो पेशंट. मुलगा बिरू कॅनडात. आईबापानं उरलेलं आयुष्य आता तिकडंच काढावं, असा त्याचा हट्ट. पण बाहेरून आलेल्या म्हाताऱ्यांना तिकडं सरकारी दवाखाना उघडा नाही. आधी विमा, मग विमान. आणि विम्याच्याही आधी तपासणी.

“तुझी तयारी कोण घेणार?” सूर्यभाननं विचारलं.

“मला काय धाड भरलीय?”

ते खरंच होतं. तिला ना शुगर, ना बीपी. छातीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकलेली ती सूर्यभानच्या. त्यात या महिन्यात त्याला चक्कर यायला लागली होती. उठताना भिंत धरावी लागायची. बिरूला त्यानं हे सांगितलं नव्हतं.

बिरूनं फोनवर सांगितलेले पर्याय त्याच्या डोक्यात उलटसुलट फिरायचे.

हृदय वगळून विमा. म्हणजे सगळा म्हातारा झाकायचा, छाती तेवढी उघडी ठेवायची.

हृदयासकट विमा. त्याचा हप्ता सांगताना बिरूचाच आवाज बसला होता.

गोळ्या इथून भरून न्यायच्या. दुखलं तर? दुखलं तर विमानात बसायचं आणि इथल्या सरकारी घाटी दवाखान्यात परत यायचं.

बिडकीनच्या रस्त्याला नवा वृद्धाश्रम झालाय. डॉक्टर चोवीस तास. टीव्ही मोठा.

“नाहीतर आई एकटीच आली तर?”

हे बिरू एकदाच बोलला होता, तेही हळूच. “आई ठणठणीत आहे ना, म्हणून म्हटलं.”

तेच शब्द स्प्रिंगच्या शेजारी रुतून बसले होते.

“गोळ्या घ्या.” कस्तुराबाईनं तळहात पुढं केला. औषधांचा डबा पहिल्यापासून तिच्याच ताब्यात. आज गुलाबी दोन होत्या.

“गुलाबी एकच व्हती ना?”

“तुम्हाला लई कळतं. गिळा.”

त्यानं गिळल्या.

तपासणीला जाताना रिक्षात क्रांती चौक गरगर फिरला. त्यानं दांडी घट्ट धरली.

“चच्चा, तबियत ठीक है ना?” रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

“एकदम फर्स्टक्लास!”

कस्तुराबाई बाहेर बघत होती. नवं लुगडं नेसून जत्रेला निघाल्यासारखा चेहरा. “लेकाकडं निघालो का?” ती म्हणाली.

“अजून लई लांब हाय ते,” तो हसला. ही सोबत असली की भीतीची थट्टा होते, असं त्याला वाटलं. मग वाटलं, ही तिकडं आणि मी बिडकीनच्या रस्त्याला. मोठ्या टीव्हीसमोर. त्यानं दांडी सोडलीच नाही.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं त्याच्या ईसीजीची पट्टी काढली, नाडी बघितली.

“छातीत दुखतं का काका?”

आठवडाभर घोकलेलं ‘नाय’ ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. “स्प्रिंग हाय,” तो म्हणाला. “दुखत नाय. पण चक्कर येती. खरं ते सांगितलं.”

“बीपी फारच खाली आहे. गोळी जास्त होते का?”

“ठरलेलीच घेतो. ही देती.”

“तुमच्या डॉक्टरांना दाखवा, ते कमी करतील. हृदय चांगलं चाललंय. विमा मिळेल, हप्ता जरा जास्त बसेल.”

सूर्यभान खुर्चीत सैल पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं शर्टाचं बटण लावता लावता पुसलं.

“आता काकू. सत्तरीपुढच्या सगळ्यांना थोडं आठवणीचंही विचारतो. आज वार कोणता?”

“घरच्या बाईला समदे वार सारखेच, बाई.”

डॉक्टरीण हसली. “बरं, मुलगा कुठं असतो?”

“लई लांब. विमानानं जावं लागतं.”

“मिस्टरांचं नाव?”

कस्तुराबाईनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

सूर्यभान खुर्चीतून अर्धा उठला. “ओ मॅडम, हे नापासात धरू नका! आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पन्नास वर्षं संसार झाला, उखाण्याशिवाय मी तिच्या तोंडून ऐकलं असंल तर शपथ.”

“मग होऊन जाऊ द्या उखाणा, काकू!”

कस्तुराबाई उभी राहिली. पदर सावरला. आवाज एकदम पोरीसारखा खणखणीत लागला.

“घोंगडीच्या घडीत ठेवली जाईची कळी,
उन्हातान्हात लागू दिली नाही झळी,
सावलीला उभे माझ्या...”

नावाच्या जागी आली आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

सूर्यभान हसता हसता खोकला. “बघा! अजून लाजती!”

“पोचलं काकू, पोचलं,” डॉक्टरीण हसत म्हणाली आणि पान उलटलं. “दोघांचंही झालं. बॅगा भरा.”

दवाखान्याच्या पायऱ्या तो चक्करबिक्कर विसरून उतरला. फाटकाशी कडुलिंबाखाली उभं राहून त्यानं बिरूला फोन लावला. “दोघंबी पास! तुझी आई म्हणजे... उखाणा घेतला रे तिनं, उखाणा! आता आम्हा दोघांची तिकिटं काढ.”

फोन ठेवून त्यानं रिक्षाला हात केला. कस्तुराबाईनं त्याची बाही हलकेच ओढली.

“अहो, रागावणार नाय ना? मघाशी लई शोधलं, पण सापडलंच नाय. तुमचं नाव काय?”