माहेरचा वारा

“उतरला गो तुझ्या माहेरचा वारा,” असं म्हणत सासूबाईंनी पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं.

घाटावरून असा कोरडा, तापलेला वारा खाली यायला लागला की वाडीतल्या साऱ्या चुली विझवायच्या. गवताच्या उडवीवर एक ठिणगी पडली तरी घरंच्या घरं जायची. अंजनाचं माहेर घाटमाथ्यावरचं, म्हणून दर उन्हाळ्यात बोल मात्र तिला. करपलेल्या मोहोराचे आणि फुटलेल्या ओठांचेसुद्धा.

आज ती बाळाला कुशीत घेऊन पडून होती. आई असती तर पहिल्या बाळंतपणाला ती तिकडेच असती. आई राहिली नाही, म्हणून इथंच बाळंत झाली. कढत पाण्यासाठी अंग नुसतं ठणकत होतं, पण चूल पेटवा म्हणायची सोय नव्हती.

दुपारी सासूबाईंनी तिला न्हाणीत पाटावर बसवलं. पाठीवर पहिला तांब्या पडला आणि ती दचकली. पाणी चांगलं ऊन होतं.

“चूल पेटवलीत?” तिनं घाबरून विचारलं.

“खुळी की काय. सकाळपासून हंडे कातळावर ठेवलेत, उन्हात, वाऱ्याच्या तोंडाला.” तिचे खांदे चोळत सासूबाई म्हणाल्या, “पहिलं बाळंतपण माहेरानंच करायचं असतं. बघ, पाणी तापवून धाडलंय.”

अंजनाच्या डोळ्यांना धार लागली. सासूबाईंनी दुसरा तांब्या मुद्दाम तिच्या डोक्यावरून ओतला.