कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

"तिसरी खुर्ची मोकळी आहे ना, कॅप्टन?" कोरी बेनविडेसने कॉकपिटच्या दारात उभं राहून विचारलं. टोपी हातात होती. ओमाहाहून पिट्सबर्गला जाणारं विमान गच्च भरलं होतं. चोवीस डिसेंबरला ते भरलेलंच असतं. उरली होती ती दोन वैमानिकांच्या मागची घडीची खुर्ची. कामावर निघालेल्या वैमानिकाला ती फुकट मिळते, पण कॅप्टन हो म्हणाला तर. नाही म्हणायला त्याला कारण द्यावं लागत नाही. पूर्वी कोणी ‘नाही’ म्हणत नसे. पूर्वी म्हणजे दोन कंपन्या एक होण्याआधी.

कॅप्टन डेल्मर हॉस्किन्सने त्याचं ओळखपत्र निरखून पाहिलं.

"कॉपर स्टेटचा का तू?"

"आता सगळे एकच आहोत, सर."

"ऐकलंय खरं तसं. यादीत नंबर काय तुझा?"

"एकोणीसशे सात."

डेल्मरचा नंबर बावीसशे चौदा होता, आणि नंबर जितका लहान तितका वैमानिक ज्येष्ठ. टाइडवॉटर कंपनीत त्याची चोवीस वर्षं झाली होती. कोरीला कॉपर स्टेटमध्ये लागून अकरा. दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची एकच ज्येष्ठता यादी करताना लवादाने कोण कधी नोकरीला लागला ते पाहिलं नाही. कोण आज कुठल्या पदावर आहे ते पाहिलं. टाइडवॉटरवाल्यांच्या मते तो दरोडा होता. कॉपर स्टेटवाल्यांच्या मते तो न्याय होता. तीन वर्षं खटला चालू होता, आणि दोन्हीकडच्या वकिलांना तो लवकर संपावा असं वाटत नव्हतं.

"मग अवघड आहे," डेल्मर म्हणाला. "वजनाचा प्रश्न येतो. माझ्या पुढचे तीनशे सात नंबर तू गिळून बसलायस. एवढं पोट घेऊन विमान उठायचं नाही."

शेजारच्या सहवैमानिकाने चेकलिस्टमध्ये डोकं खुपसलं.

"सर, मला चार वाजता तिथे ड्यूटीवर हजर व्हायचंय. यानंतरचं विमान एकदम रात्री आहे."

"मी चोवीस वर्षं वाट बघितली, पोरा. तू रात्रीपर्यंत बघ. मेरी ख्रिसमस."

दार लागलं. वाऱ्यानेही साथ दिली. दहा मिनिटं लवकर पोहोचत असल्याचं डेल्मरने प्रवाशांना स्वतः सांगितलं, तेही गाण्याच्या चालीवर. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला नाताळची सुट्टी मिळाली होती, कारण यादीत त्याच्या वरचा एक जण निवृत्त झाला होता. घरी लोरेनने हॅम भट्टीत ठेवलं होतं. तिन्ही मुलगे आले होते. थोरला नौदलात, सव्वीसला पहाटे तो बोटीवर जाणार होता, नऊ महिन्यांसाठी.

सणाच्या दिवशी जाणता वैमानिक विमानातून उतरला की फोन बंद करतो आणि थेट आपल्या गाडीकडे जातो. वैमानिकांच्या खोलीत तो पाऊल टाकत नाही. कुठल्या विमानाला आयत्या वेळी कॅप्टन कमी पडला, तर त्या खोलीत सापडलेल्यांपैकी सगळ्यात ज्युनियर असेल त्याला सक्तीने पाठवतात. डेल्मरला हे चोवीस वर्षं ठाऊक होतं. पण असला किस्सा घरी कोणाला सांगणार? लोरेनला ज्येष्ठता यादीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन मिनिटांसाठी म्हणून तो खोलीत शिरला.

आत कॅप्टन रॉय प्रुइट एकटाच कागदी वाडग्यातलं सूप पीत बसला होता. टाइडवॉटरच्या वैमानिकांच्या लढा समितीचा तो अध्यक्ष. घटस्फोट झाल्यापासून त्याला घरी जायची घाई नसे.

"वजन!" किस्सा ऐकून प्रुइटला ठसका लागला. "लेका, समितीच्या पत्रकात छापायला पाहिजे हे."

"छाप की. माझं नाव जरा मोठ्या टायपात घाल."

"आणि त्याचं तोंड कसं झालं होतं?"

"जसं लवादाच्या दिवशी आपलं झालं होतं."

दोघे पोट धरून हसत असताना भिंतीतली काचेची खिडकी सरकली. ड्यूटी लावणाऱ्या डॉटीने डोकं बाहेर काढलं.

"कॅप्टन हॉस्किन्स, बरे सापडलात. पाच वीसच्या फार्गोच्या विमानाला कॅप्टन नाही. राखीव होता तो ओमाहात अडकलाय. बेनविडेस म्हणून आहे. बिचारा वेळेत विमानतळावर आला होता, कळवलंही लगेच. पण विमानात वजन जास्त झालं म्हणे."

डॉटीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

डेल्मरचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"दुसरं कोणी बघ, डॉटी."

"खोलीत कॅप्टन दोनच. नव्या यादीने बघितलं तर ज्युनियर तुम्ही." तिने कागद उलटला. "नवी यादी तुम्हाला मान्य नाही, माहितेय मला. म्हणून तुमची टाइडवॉटरची जुनीपण बघितली. तिच्यातही तुम्हीच. परत याल सव्वीसला, दुपारी. स्वखुशीने कोणी जात असेल तर माझी काही हरकत नाही."

डेल्मर प्रुइटकडे वळला.

"रॉय, माझा थोरला सव्वीसला पहाटे निघतोय. नऊ महिने दिसायचा नाही. तुला तर घरी..." पुढचं त्याने गिळलं. "तू फक्त हो म्हण."

प्रुइटने उरलेलं सूप संपवलं. उठला. कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली. मग डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता.

"तू माझ्यानंतर चार महिन्यांनी लागलास, डेल्मर. आज मी हो म्हटलं, तर आपण ही तीन वर्षं कशासाठी लढलो?"