पहिला घास

सासूबाईंच्या शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष माइकवर अगदी गहिवरून बोलले. "शिळ्या पावाचं काय करतील, फुलकोबीच्या देठांचं काय करतील, काकूंचा नेम नसायचा! बेघरांच्या निवाऱ्यात त्यांचं पातेलं पोचलं की लोक बोटं चाटत बसायचे. ती चव अजून माझ्या जिभेवर आहे."

जेवणं आटोपून मंडळी पांगली; अध्यक्ष आणि त्यांचे कार्यकर्ते तेवढे आवराआवरीला मागे थांबले. संध्याकाळी सुनेनं उरलेल्या भाजीचं झाकण काढलं, तर आंबूस भपकारा नाकात गेला. डाव बुडवला, तर भाजीला चक्क तार सुटलेली. ती पातेलं मोरीकडे न्यायला निघाली, तसे अध्यक्ष आडवे आले.

"अहो वहिनी, टाकताय काय? निवाऱ्यात पाठवू. काकू उरलेलंच तर द्यायच्या! आणि त्या लोकांना काय, सगळं चालतं." कार्यकर्त्यांनी डबे पुढे केलेसुद्धा. प्रत्येक डब्यावर सासूबाईंचा हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत अध्यक्षांचं नाव.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई उरलेलं रांधत, नासलेलं नव्हे. आणि पातेलं दाराबाहेर पडण्याआधी त्यातला पहिला घास स्वतः खात. तिनं ताटलीत डावभर भाजी वाढली आणि अध्यक्षांच्या पुढ्यात धरली. "घ्या भाऊ. आमच्या घरची रीतच आहे, आधी पाठवणाऱ्यानं खायचं."

 

अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. "छे हो वहिनी! हे माणसांनी खायचं आहे का?"