बिनपट्ट्यांची गिटार

भिंतभर आरसे. विक्रेत्यांच्या हातांत पांढरे हातमोजे. येणाऱ्याला फुकट कॉफी. गिटार वाजवून बघायला मनाई.

पुतण्यानं राजधानीत थाटलेलं ते दुकान सिल्वानोनं एकदाच पाहिलं, आणि पाराचोला, गिटारी घडवणाऱ्या आपल्या गावी, परतला तो धुमसतच. चाळीस वर्षं तो गिटारी घडवत होता आणि प्रत्येकीच्या पोटात आपल्या नावाची चिठ्ठी डकवत होता. त्याच गिटारी विकणाऱ्या पुतण्यानं, ओक्तावियोनं, ती चिठ्ठीच बंद केली.

"काका, लोक आता दुकानाचा सोनेरी ठसा बघतात. तुमचं नाव वाचायला आत कोण डोकावतंय?"

"बरं बाबा," सिल्वानो म्हणाला, "तुझंच नाव होऊ दे."

पुढच्या वीस गिटारींत त्यानं वरच्या फळीखालच्या आधाराच्या पट्ट्याच बसवल्या नाहीत. बाहेरून काही कळायची सोय नव्हती. दुकानात तारा ढिल्याच ठेवत. पण घरी नेऊन कोणी त्या ताणल्या, की महिन्याभरात फळी खचणार आणि पुतण्या त्याच्या सोनेरी ठशासकट तोंडावर आपटणार.

सिल्वानो वाट बघत बसला. वर्षभरानं फोन आला.

"बोल," तो शांतपणे म्हणाला. "किती परत आल्या?"

"परत कशाला येतील? तुमच्या चिठ्ठीशिवाय वीसच्या वीस खपल्या. आता अजून चाळीस पाठवा. अगदी तशाच."

&nbsp;

&nbsp;

विसाही गिऱ्हाइकांनी गिटार घेतली त्याच दिवशी, ती भिंतीवर मांडायला काचेचं कपाटही विकत घेतलं होतं.