आईच्या झाडाचं संत्रं

ताईने संत्रं कापू दिलं नाही. सुरी बाजूला सारून ती म्हणाली, आईच्या झाडाचं संत्रं कधी कुणी कापून खाल्लंय का? सोलून खा.

छोट्याने फळ हातात घेतलं. सत्तरी ओलांडली होती, डोक्यावर काळा केस औषधाला उरला नव्हता, पण बहिणीच्या तोंडी तो अजून छोट्याच होता. दोघं परसातल्या बाकावर बसली होती. समोर झाड, आणि झाडावर पहिल्याच बहराची पाच-सहा फळं.

आईचं झाड केव्हाच गेलं होतं. घर विकलं गेलं आणि घेणाऱ्याने सगळ्या अंगणाला फरशी घातली. झाड पडायच्या आदल्या दिवशी ताई तिथे जाऊन ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी घेऊन आली. त्या काडीवर एकच डोळा, कोंब फुटायची जागा, धड होता. तो नर्सरीवाल्याने आंबट संत्र्याच्या रोपावर भरून दिला. मग ती त्या रोपापाशी तासन्‌तास बसायला लागली. जावयाने एकदा विचारलं म्हणे, याला अंगाईपण म्हणता का?

झाडाला फळ धरलं, तेव्हा नेमकी ताईच्या तोंडाची चव गेलेली. मोठ्या दुखण्यातून ती उठली खरी, पण औषधांनी जीभ मारली. मीठ, साखर, राख, सगळं सारखंच. म्हणून भावाला बोलावणं गेलं. आईचं संत्रं खाल्लेलं दुसरं माणूस आता उरलं नव्हतं.

"माझ्या वाटचं तू खा," ती फोनवर म्हणाली होती. "आणि थापा मारायच्या नाहीत."

सोलता सोलता त्याची नजर खोडाकडे गेली. जन्मभर सुतारकाम केलेलं. कुठेही सांधा दिसला की डोळा तिथे अडकायचाच. कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्या वर बोटाएवढा वाळका खुंट. बाकी सगळं झाड, फळांसकट, सांध्याच्या खालून, त्या आंबट रोपातून आलेलं. फांद्यांना लांब काटे होते, ताईच्या हातावर त्यांचे ओरखडे होते. आईच्या झाडाला काटे नव्हते. ही दोघं चड्डी-परकर न फाडता त्याच्या शेंड्यापर्यंत जायची.

वरचं कधी वाळलं, असं त्याने उगाच विचारल्यासारखं विचारलं.

ते जरा रडकंच होतं, ताई म्हणाली. खालचे फुटवे मात्र जोरकस. नर्सरीवाल्याने ते खुडत जा म्हणून बजावलं होतं, पण तिच्याने होईना. एवढ्या आशेने फुटलेलं मोडायचं कसं?

"म्हटलं, एकाच झाडाचे हातपाय. वरून काय नि खालून काय."

छोट्याने एक फोड तोंडात टाकली. आंबट तर होतीच, मागून असा कडूपणा आला की कानशिलं तापली. त्याने ती गिळली. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. तोंड कुंपणाकडे वळवून चौथी.

ताई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"आईचं संत्रं तू एवढं गुमान कधी खाल्लं नाहीस," ती म्हणाली.

"तेच आहे गं, ताई. गोड आहे."

तिने त्याच्या तळहातावरची फोड उचलून तोंडात घातली. सावकाश चावली. मग एकदम तिचं बोट खालच्या ओठावर गेलं. ओठ उललेला होता, आंबट रस तिथे झोंबला. ती तो तसाच दाबून बसली आणि झाडाकडे बघत राहिली.

छोट्या घाईघाईने बोलायला लागला. जुन्या गल्लीत विचारून बघू, शेजारीपाजारी कुणी तरी आईच्या झाडाची काडी नेली असेल, कुणाच्या तरी परसात असेलच. ताईने मान हलवली. कुणी नेली नव्हती. ते त्यालाही माहीत होतं.

"मग तूच सांग," ती म्हणाली. "कसं होतं ते?"

"गोड होतं."

"गोड साखरही असते, छोट्या."

त्याने सांगायला सुरुवात केली. अंगठा लावला की साल आपोआप सुटायची. सालीचा फवारा तो मुद्दाम तिच्या डोळ्यांत उडवायचा आणि मग मार खायचा. शाळेत पाटी-पुस्तकांनासुद्धा त्याचा वास लागायचा. हे सगळं भराभर आलं. फोड तोंडात टाकायची वेळ आली आणि तो थांबला. जिभेवर कडू बसलेलं होतं, त्याच्या आडून ती जुनी चव चाचपडत शोधावी लागत होती.

"आधी थंड लागायचं," तो म्हणाला. "गोड नंतर."

ताईने डोळे मिटले आणि घास घ्यायला लेकरू करतं तसं तोंड किंचित उघडलं.